बरणीतलं ‘अजगराचं पिल्लू’

बालमित्रांनो, बुलडाण्याहून खामगावकडे जाताना वाटेत बोथ्याचं जंगल लागतं. हेच ते ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ महिनोन्महिने चालत इथं येऊन पोचला होता, ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. या जंगलाच्या आसपासच्याच एका खेड्यात माझी जिल्हा परिषदेची शाळा आहे. वर्ग पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, आणि अंगणात एक मोठं कडुनिंबाचं झाड.

वाघाची झाली नसेल एवढी चर्चा आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात एका वीतभर सापाची झाली. त्या प्रकरणात थोडी चूक माझीही होती. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

झालं असं, की शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा माझ्यापाशी आला. त्याचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला ‘पठ्ठ्या’ म्हणू. म्हणाला, “सर, अमेरिकेत अजगर पार्सलनं येते काय?”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यानं आपल्या बाबांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. एक मुलगा खोकं उघडतो. खोक्यात थर्माकोल, त्याच्या आत कापडी पिशवी. पिशवीची गाठ सोडली, तर आत चेंडूसारखा गुंडाळून बसलेला एक छोटासा अजगर! पठ्ठ्याच्या डोळ्यांत असं कुतूहल होतं, की मी त्याला ‘जा, पाढे पाठ कर’ म्हणू शकलो नाही. घरी जाऊन वाचलं, शोधलं आणि दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाचा अख्खा तास अजगरावर घेतला. तो तास छान रंगला. इतका छान, की त्यातून काय राहून गेलं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तासाला मी काय सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

व्हिडिओतला तो अजगर आपल्याकडचा नव्हे. तो पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. भीती वाटली की डोकं मध्ये लपवून अंगाचा गोळा करतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. लांबी साधारण तीन ते पाच फूट. बेनिन देशात विदा नावाचं गाव आहे. तिथं या अजगरांचं चक्क देऊळ आहे! रात्री अजगर बाहेर फिरायला जातात, कुणाच्या घरात सापडले तर घरवाले त्यांना सांभाळून देवळात परत आणून सोडतात. आपल्या नागपंचमीची आठवण होते की नाही?

हे अजगर अमेरिकेत, युरोपात लोक घरी पाळतात आणि पैदास करणारे लोक ते गिऱ्हाइकाकडे खोक्यातून पाठवतात. बरं का, अमेरिकेतसुद्धा साप पोस्टानं पाठवायला बंदी आहे. त्यासाठी वेगळी वाहतूक सेवा वापरावी लागते.

मग मी वर्गाला विचारलं, “समजा असा पाहुणा घरी आला, तर त्याचं स्वागत कसं कराल?”

उत्तरं भन्नाट आली. एक जण म्हणाला, दूध पाजू. (साप दूध पीत नाही, हे मी दर नागपंचमीला सांगतो आणि दर नागपंचमीला मुलं विसरतात.) एक मुलगी म्हणाली, हळद-कुंकू लावू. एकानं तर त्याला आंघोळ घालायची ठरवली. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट सारखी होती. सगळ्यांना त्याला हात लावायचा होता.

आणि नेमकं तेच करायचं नसतं! प्रवासातून आलेल्या सापाचं खरं स्वागत म्हणजे त्याला एकटं सोडणं. लपायला अंधारी जागा, प्यायला पाणी, हवी तेवढी ऊब, आणि निदान आठवडाभर कुणी त्याला हातात घ्यायचं नाही. लगेच खायलाही द्यायचं नाही. घाबरलेला साप खात नाही आणि खाल्लं तरी ओकून टाकतो. बॉल पायथन तर महिनोन्महिने उपाशी बसण्यासाठी प्रसिद्ध आहे. आधीचे साप असतील तर नव्याला त्यांच्यापासून काही आठवडे दूर ठेवतात, म्हणजे रोगराई पसरत नाही. कुत्र्याचं पिल्लू आणलं तर ते दुसऱ्या दिवशी शेपूट हलवतं. अजगर तुम्हाला वर्षभरानंतरही ‘माझा मालक’ म्हणून ओळखणार नाही. फार तर, हा प्राणी आपल्याला खात नाही, एवढं त्याला कळेल.

“आणि चावला तर?” पठ्ठ्यानं विचारलं.

मी फळ्यावर अजगराचा जबडा काढला. अजगराला विष नसतं. दात मात्र भरपूर असतात, वरच्या बाजूला चार ओळी आणि खाली दोन. सगळे दात आतल्या बाजूला वळलेले, गळासारखे. धरलेलं भक्ष्य सुटू नये म्हणून ही योजना. तो दोन कारणांनी चावतो. एक, घाबरला म्हणून. तेव्हा विजेसारखा झेपावतो, टोचतो आणि सोडून देतो. बोरीच्या काट्यांनी ओरबाडावं तसं होतं. दुसरं कारण मजेशीर आहे. हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास असेल तर तो हातालाच जेवण समजतो! अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांतून त्याला अंधारातही गरम वस्तू जाणवते. गरम, हलणारी आणि उंदरासारखा वास येणारी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी उंदीरच. अशा वेळी तो सोडत नाही, वेटोळं घालतो.

तेव्हा हात ओढायचा नाही. ओढला की वळलेले दात आणखी रुततात, कातडी फाटते, अजगराचेही दात तुटतात. शांत राहायचं. त्याच्या तोंडावर गार पाणी ओतायचं. वेटोळं सोडवायचं ते शेपटीकडून. सुटला की जखम साबणानं, वाहत्या पाण्यानं धुवायची, दाताचा तुकडा आत राहिला आहे का ते पाहायचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जायचं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश. डी.एड.ला आमचे एक सर म्हणायचे, पाठ संपल्यावर मुलं काय शिकली ते विचारा, तुम्ही काय शिकवलं ते नको. मी त्या दिवशी विचारलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, आषाढातल्या एका ओल्या सकाळी, परिपाठ चालू होता. प्रार्थना संपली आणि मागच्या रांगेत गलबला सुरू झाला. पाहतो तर दहा-बारा मुलं घोळका करून उभी. मधोमध पठ्ठ्या. त्याच्या हातात लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली.

“सर, पाह्यजा बरं काय आनलं म्या! अजगराचं पिल्लू हाये!”

बरणीत वीतभर लांबीचा, जाडसर, तपकिरी साप होता. पाठीवर गडद ठिपक्यांची माळ. आणि तो एवढासा जीव असा फुसफुसत होता, की आवाज बरणीबाहेर ऐकू यावा. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, “बरणी खाली ठेव. सगळे मागे व्हा. कुठं सापडला हा?”

“गोठ्यापाशी, कडब्याच्या गंजीखाली. बरनीत भरतानी मले चावला बी.” आणि त्यानं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. बोट सुजून लालभडक झालं होतं. “दुखते लय. पन काई होत नाही सर. साबनानं धुतला हात. तुमीनंच तं सांगतलं व्हतं.”

मुलांनो, बारा वर्षांच्या नोकरीत माझं शिकवणं कुणी इतकं मनापासून पाळलेलं मला आठवत नाही. आणि त्या क्षणी मला दुसरं काहीही चाललं असतं, पण हे नको होतं.

ते अजगराचं पिल्लू नव्हतं. ते घोणसाचं पिल्लू होतं.

घोणस म्हणजे आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांपैकी एक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पुष्कळ साप अंडी घालतात, पण घोणस थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस-चाळीस पिल्लं, आणि तीही बहुतेक उन्हाळा संपता संपता किंवा पावसाळ्याच्या तोंडावर. जन्मलेल्या दिवसापासून प्रत्येक पिल्लाच्या तोंडात विष असतं. लहान साप म्हणजे कमी धोका, असा आपल्याकडे एक समज आहे. तो साफ खोटा.

पुढचं सगळं पटपट घडलं. मी पठ्ठ्याला खुर्चीवर बसवलं आणि हात हलवू नको म्हणून बजावलं. बोटात चांदीचं वळं होतं, ते सूज वाढण्याआधी काढलं. दुसऱ्या गुरुजींनी वर्गातली लाकडी फूटपट्टी हाताखाली धरली आणि माझ्या रुमालानं सैलसर बांधून हात गळ्यात अडकवला. दोरीनं आवळून बांधलं नाही, ब्लेडनं कापलं नाही, तोंडानं विष चोखलं नाही. या तिन्ही गोष्टींनी विष बाहेर येत नाही, जखम मात्र बिघडते. बरणी तशीच ऑफिसच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली आणि वनविभागाला फोन केला. झाकण उघडण्याआधी काचेतून फोटो काढावा तसा मोबाईलवर बाहेरूनच एक फोटो मात्र घेतला.

एवढ्यात पठ्ठ्याची आजी आली. गावात बातमी पोचायला काय वेळ लागतो! तिला पलीकडच्या गावच्या साप उतरवणाऱ्याकडे जायचं होतं. “गुर्जी, माह्या सासऱ्याले त्यायच्याच घरानं वाचवलं व्हतं,” ती रडत म्हणाली.

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर ती खोटंही बोलत नसावी. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळं मांत्रिकाकडे गेलेले पुष्कळ लोक वाचतात, आणि श्रेय मंत्राला मिळतं. ज्याच्या अंगात विष गेलेलं असतं, त्याचा मात्र तिथं वेळ जातो. मी म्हटलं, “आजी, तुम्ही गाडीत सोबत बसा. तुमचा नातू आहे. पण आधी दवाखाना.” ती बसली. पठ्ठ्याच्या काकाची जीप होती. १०८ नंबरची गाडीही बोलावता आली असती, पण पावसानं नाल्यावरचा रस्ता खराब होता, जीप दारात होती.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिला, मान डोलावली, पण लगेच इंजेक्शन दिलं नाही. त्यांनी पठ्ठ्याच्या दंडातून थोडं रक्त काढलं, एका कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळाकडं पाहिलं. “वीस मिनिटं हिला हलवायचं नाही,” ते म्हणाले.

ही चाचणी साधी आहे. निरोगी माणसाचं रक्त वीस मिनिटांत गोठतं. घोणसाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवून टाकतं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर अंगात विष भिनलं असं समजायचं. महागडं यंत्र नको, वीजही नको.

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आजी देवाचं नाव घेत होती. पठ्ठ्या भिंतीवरच्या चार्टवरचे साप मोजत होता. मी नळीकडे पाहत होतो आणि मनात तो तास पुन्हा पुन्हा घेत होतो. एक वाक्य घातलं असतं तर? ‘हे सगळं, साप अजगरच आहे अशी खात्री असेल तरच.’ एवढंच एक वाक्य!

डॉक्टरांनी नळी तिरपी केली. रक्त गोठलं नव्हतं.

मग सलाईनमधून प्रतिविष सुरू झालं. हे औषध घोड्यांपासून बनतं. घोड्याला अगदी थोडंथोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे घटक तयार होतात, ते वेगळे काढून कुप्या भरतात. आपल्याकडचं औषध त्या चारही सापांवर एकत्र चालतं. पठ्ठ्याला सुरुवातीलाच दहा कुप्या दिल्या. मी न राहवून विचारलं, “डॉक्टर, एवढ्याशा पोराला एवढं औषध?” ते म्हणाले, “सर, चावताना सापानं पोराचं वय विचारलं होतं का? विष तेवढंच, तर औषधही तेवढंच.” सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी रक्त गोठलं. आजीनं डॉक्टरांच्या पायाला हात लावला, तर ते बिचारे संकोचून दोन पावलं मागे सरले.

चार दिवसांनी पठ्ठ्या घरी आला. बोटाची कातडी सोलून निघाली, नवी आली. आज तो त्या बोटानं विटीदांडू खेळतो.

सगळेच असे घरी येत नाहीत. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं दगावली, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. त्यात खेड्यातले, शेतात राबणारे लोक जास्त. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं सरकारनं २०२४ साली ठरवलं आहे.

पठ्ठ्या परत शाळेत आला त्या दिवशी मी तोच तास पुन्हा घेतला. या वेळी फळ्यावर तीन साप काढले, कारण आपल्याकडे हे तीन साप एकमेकांत फार घोटाळा करतात. मोठी माणसंही फसतात.

घोणसाच्या पाठीवर बदामी-तपकिरी लंबगोल ठिपके असतात, काळ्या काठाचे, साखळीच्या कड्यांसारखे एका ओळीत. अशा तीन ओळी. डोकं त्रिकोणी, अंग खरखरीत, शेपूट आखूड, आणि आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. अजगराच्या अंगावर ठिपके नव्हेत तर मोठे, वेडेवाकडे पट्टे-चट्टे असतात, नकाशातल्या देशांसारखे. कातडी गुळगुळीत, चमकदार. डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. तिसरा डुरक्या घोणस. नाव घोणस, पण हा बिनविषारी! मातीत राहणारा, जाडजूड, शेपूट बोथट. त्याच्याही अंगावर चट्टे असतातच.

आणि एक गोष्ट अशी, जी मला आधी माहीत असती तर बरणी पाहताच बोललो असतो. आपल्या भारतीय अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच दीड-दोन फुटांचं! वीतभर लांबीचा अजगर नसतोच. घोणसाचं नवं पिल्लू मात्र बरोबर वीतभर असतं. मुलांनी लगेच आपापल्या विती बाकावर टेकवून मोजायला सुरुवात केली.

“म्हणजे दोन वितीपेक्षा मोठा असला तर धरायचा?” एका शहाण्यानं विचारलं. नाही! घोणसही मोठा होतो. या खुणा लांबून ओळखण्यासाठी आहेत, हात घालण्यासाठी नाहीत. आणि साप चावला तर तो कोणता होता याचा निकाल आपण लावायचा नाही. साबण-पाणी काय, टी.टी. काय, ते डॉक्टरांनी सांगायचं. ज्यांनी विकत घेतलेला, नाव-गाव माहीत असलेला अजगर पेटीत ठेवला आहे त्यांचं शास्त्र त्या पेटीपुरतं खरं. आपल्या बांधावर ते चालत नाही.

पठ्ठ्याचा प्रश्न मात्र संपला नव्हता. “सर, तो खराखुरा अजगर असता, तं मले पाळता आला असता काय?”

नसता आला. आपला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत बसवला आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा निदान तीन वर्षं तुरुंग आणि पंचवीस हजार रुपये दंड. परदेशी जातींचं काय, तर २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांना सरकारकडे नोंद करावी लागते. चोरून आणणारे आणतात, ती गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ९ बॉल पायथन आणि २ मक्या साप (कॉर्न स्नेक) सापडले. कशात ठेवले होते ठाऊक आहे? बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत! व्हिडिओत खोकं उघडताना मजा वाटते. पण पुड्यात कोंबलेल्या जिवाला तो प्रवास कसा झाला असेल?

पालकांनाही इथं एक सांगतो. परदेशात जिथं हे कायदेशीर आहे, तिथंही हा हौसेचा मामला सोपा नाही. बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात तर २०२० साली साठी उलटलेल्या मादीनं अंडी घातली! दहा वर्षांच्या मुलानं हट्टानं घेतलेला साप त्याच्या लग्नापर्यंत घरात असतो. मग लोक कंटाळतात आणि गुपचूप सोडून देतात. फ्लोरिडा राज्यात असंच झालं. पाळलेले बर्मी अजगर, तब्बल पंधरा-सोळा फुटांपर्यंत वाढणारे, सुटले किंवा सोडले गेले, आणि तिथल्या दलदलीत त्यांची प्रजा वाढली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की त्या भागात रकून नावाच्या प्राण्याचं दिसणं ९९ टक्क्यांनी घटलं. ससे तर जवळजवळ दिसेनासेच झाले.

मग अमेरिकेनं कुणाला बोलावलं, ऐका! २०१७ साली तामिळनाडूतल्या इरुळा जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारी ही माणसं. त्यांच्या जमातीची सहकारी संस्था प्रतिविषासाठी लागणारं सापाचं विष गोळा करते. म्हणजे पठ्ठ्याच्या कुपीतही कदाचित इरुळांच्या हातचं काही असेल! तर हे दोघे तिथल्या दलदलीत माग काढत फिरले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांनी १३ अजगर शोधून दिले. त्यात एक मादी सोळा फुटांची होती. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. हे ऐकून वर्गात पुन्हा टाळ्या पडल्या. पण या वेळी मी मुलांना विचारलं, “काय शिकलात?” आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी खरा अजगर आलाच. शेतकरी रोह्यांपासून पीक वाचवायला बांधावर नायलॉनची जाळी लावतात. गावाजवळच्या तुरीच्या शेतात त्या जाळीत तो अडकला होता. मान आणि अंगाचा पुढचा भाग धाग्यांत रुतलेला. शेतमालक शहाणा निघाला. त्यानं काठी उचलली नाही, वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन केला. उंदीर-घुशी खाणारा हा प्राणी आपला शत्रू नाही, एवढं आता गावाला कळलं होतं.

वनरक्षक आणि त्यांच्यासोबत एक सर्पमित्र आले. मुलांना घेऊन मी लांब, लिंबाच्या झाडाखाली उभा. सर्पमित्र कात्रीनं एकेक धागा कापत होता. शेवटचा धागा तुटला, अजगराची मान मोकळी झाली, आणि क्षणात त्यानं त्या दादाच्या मनगटावर तोंड मारलं. मारलं ते मारलं, सोडलंच नाही!

“दादा, हात ओढू नका!” माझ्या बाजूनं केवढ्यानं तरी ओरडलं कुणीतरी. पठ्ठ्याच तो.

दादानं ओढला नव्हताच. तो खाली मांडी घालून बसला, दुसऱ्या हातानं अजगराचं अंग सावरून धरलं, म्हणजे ते लोंबकळून दात आणखी रुतू नयेत. वनरक्षकांनी बाटलीतलं पाणी अजगराच्या तोंडावर धरलं. एक मिनिट गेलं असेल. अजगरानं जबडा सैल केला. दादाच्या मनगटावर सुयांनी टोचल्यासारख्या रक्ताच्या टिंबांच्या कमानी उमटल्या होत्या. रक्त बरंच आलं, पण ते थोड्या वेळात थांबलंही.

अजगर कापडी पिशवीत गेला. जाळीनं कातलेल्या जागी औषधोपचार होईपर्यंत त्याला अंधारात, शांत ठेवणार आणि मग जंगलात सोडणार, असं वनरक्षकांनी सांगितलं. दादा विहिरीवर हात धुऊन आला तेव्हा पठ्ठ्या त्याच्याजवळ गेला. दोन्ही हात पाठीमागे बांधून.

“दादा, आता दवाखान्यात जान काय?”

“जातो ना. टी.टी. घ्या लागते.”

“वीस मिनिटं रक्त ठेवतीन काय नळीत?”

दादा हसला. “अजगर हाये बाबू. तरी डॉक्टर म्हनले तं ठेवू दे.”

पिशवी उचलून जीपमध्ये ठेवायला दोघं लागले. जीप हलली. पठ्ठ्या तिच्याकडं पाहत हवेतच बोटं ताणून काहीतरी मोजत होता.

“सर,” तो म्हणाला, “अकरा वितीचा तं असनच.”